कमरेचा ऐवज

कल्याणहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाने कमरेला काही लपवलं, तर ते फक्त त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपासून लपतं. शेजारी उभ्या असलेल्याच्या बरगडीला ते चष्म्याचं घर आहे की किल्ल्यांचा जुडगा, हे डोंबिवली यायच्या आत कळलेलं असतं. डोंबिवलीला आणखी लोक आत घुसले की जुडग्यात किल्ल्या किती, याचाही अंदाज येतो. 1 मे 1854 रोजी रेल्वे ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आली. तेव्हाच्या प्रवाशांना बाकावर ऐसपैस बसून आपापल्या कमरेची गुपितं शाबूत ठेवता येत असतील. आता ती सोय राहिलेली नाही.

माझी नोकरीची सगळी वर्षं लेडीज डब्यात गेली. त्यामुळे माझ्या भाच्याने टेक्सासहून जेव्हा सांगितलं, की तिकडे पँटच्या आत, अगदी पोटाला चिकटून पिस्तूल लपवण्यासाठी आरामदायी पाकीट कसं निवडावं यावर लोक तासन्‌तास बोलतात, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की या लोकांनी कधी सव्वाआठच्या सुमाराला कल्याणचा चार नंबरचा फलाट पाहिलेला नाही.

भाचा स्वतः पिस्तूल बाळगत नाही. तो संगणकावर काम करतो आणि पोहे उत्तम करतो. पण त्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याला या विषयाचा भारी नाद. टेक्सासमध्ये 2021 पासून पिस्तूल असं जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही, आणि अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता तीच स्थिती आहे. परवान्याची अडचण मिटली, तशी उरलेली सगळी बुद्धी सोयीकडे वळली. होल्स्टर कातड्याचं घ्यावं, तर ते अंगाला मऊ लागतं, पण घामाने भिजतं आणि कालांतराने ढिलं पडतं. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं घ्यावं, तर त्याला घामाचं काही सोयरसुतक नाही. पण खाली वाकलं की त्याची कड पोटात रुतते. म्हणून मग एका बाजूने कडक आणि अंगाकडच्या बाजूने मऊ असा मिश्रविवाह लावलेलं तिसरं. घोडा पूर्ण झाकलेला हवा, नाहीतर काढता-घालताना भलतंच व्हायचं. पट्टा ताठ हवा. पँट नेहमीपेक्षा एक माप मोठी हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शर्टावरून आतल्या वस्तूचा उठाव दिसता कामा नये. तो दिसला की सगळी मेहनत पाण्यात.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं घड्याळ. त्या मंडळींच्या हिशेबात माणसाची कमर म्हणजे घड्याळाची तबकडी. बेंबी बारा वाजता, उजवा खुबा तीन वाजता, पाठीचा कणा सहा वाजता. कोणी पिस्तूल एक वाजता ठेवतो, कोणी चार वाजता. एक वाजता ठेवलं तर हात पटकन पोहोचतो, पण गाडीत बसलं की मांडीत टोचतं. चार वाजता ठेवलं तर उभं राहायला सुख, पण खुर्चीला पाठ टेकवता येत नाही. भाचा म्हणाला, “मावशी, सगळ्यांच्या घरी नापसंत पडलेल्या होल्स्टरांनी भरलेला एक खण असतो.” हे मात्र मला लगेच पटलं. आमच्याकडे तसा खण ब्लाउजांचा असतो. आणि कमरेचं म्हणाल, तर आम्हा कल्याणकरांच्या कमरेचे संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत बाराच वाजलेले असतात. बाकीचे आकडे आम्हाला लागत नाहीत.

पण मग वाटलं, कमरेला ऐवज लपवण्याच्या बाबतीत आपण अमेरिकेकडून शिकावं इतके मागासलेले कधी होतो? आमच्या घराण्यात पिस्तूल कोणी पाहिलं नाही, पण लपवणारे एकाहून एक होते. आजोबांच्या तिजोरीची किल्ली जानव्याला असे. तिजोरी म्हणजे लाकडी फडताळ आणि त्यात मुख्यत्वे जुन्या पावत्या, पण किल्ली चोवीस तास अंगावर. व्यापाराला जाणारे चुलत आजोबा कमरेला कसा बांधत: लांबट, अरुंद कापडी पिशवी, नाणी ओतून दोन्ही टोकं पोटावर गाठ मारून बांधलेली आणि वरून धोतर. पंढरीच्या वाटेवर माळकरी मंडळी अजूनही असं काहीतरी बांधून चालताना दिसतात. पान-तंबाखूवाल्यांची चंची गुंडाळून कमरेला खोचलेली असे. तिच्यात चुना, कात, सुपारी, अडकित्ता यांचे वेगवेगळे कप्पे, आणि अगदी आतल्या कप्प्यात एखादी घडी घातलेली नोट, जिचा पत्ता चंचीच्या मालकाशिवाय फक्त त्याच्या बायकोला असे.

बायकांना कमरेची अडचणच नव्हती. नऊवारी लुगडं नेसणारी आजी पैसे कनवटीला लावायची. लुगड्याच्या कमरेजवळच्या घडीत दोन बोटं गेली, काहीतरी वळलं, काहीतरी आत सरकलं, आणि संपलं. ना बटण, ना चेन, ना क्लिप. त्यानंतर ती दळण दळायची, विहिरीवर वाकायची, मुलांना कडेवर घ्यायची, मंगळागौरीला फुगड्या घालायची. कनवट काही सुटत नसे. बाजारातल्या कोळणी आजही पापलेटचे पैसे त्याच जागी ठेवतात आणि ओल्या हाताने सुट्टे काढून देतात. ती नोट तुमच्या पाकिटात गेली की पाकिटालाही आठवडाभर समुद्राचा वास येतो.

पुरुष धोतरातून पँटीत आले आणि त्यांची पंचाईत झाली. पँटला खिसे आले खरे, पण खिसा म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेली जागा. मग बनियनला आतून खिसा शिवून घेणं सुरू झालं. त्याहून सावध लोकांनी पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्डीलाच खिसा लावून घेतला. तिकीट खिडकीसमोरच्या रांगेत असे एखादे आजोबा आले, की त्यांचा नंबर लागल्यावर ते आधी भिंतीकडे तोंड करत. मग सदरा वर, धोतर किंवा पँट थोडी सैल, हात खोल गडप. रांगेतली सगळी सभ्य माणसं त्या वेळी वेळापत्रकाचा फलक वाचू लागत. बाहेर आलेली नोट उबदार आणि दमट असे. खिडकीतला बाबू ती दोन बोटांच्या टोकांत धरी.

या सगळ्या लपवणाऱ्यांचा एकदाच सामुदायिक पाडाव झाला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, आणि घरोघरच्या आया-आज्यांना आपापले ऐवज उघड करावे लागले. डाळीच्या डब्यातून, देव्हाऱ्याच्या आसनाखालून, जुन्या पैठणीच्या घडीतून नोटा निघाल्या. नवऱ्यांना धक्का बसला तो नोटा बंद झाल्याचा नव्हता. इतक्या वर्षांत आपल्या घरात ही दुसरी बँक सुखाने चालू होती, याचा होता.

मी या जुन्या लोकांकडे पाहत वाढले आणि माझ्या लक्षात एक गोष्ट राहून गेली. आजीचा हात कधी कनवटीकडे गेलेला मी पाहिला नाही. आजोबांनी कधी जानवं चाचपलं नाही. ऐवज ठेवला, की ते तो विसरत. आपल्याला हेच जमत नाही. फलाटावर ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी पाटी असते. ती वाचली की शंभरातल्या नव्वद माणसांचा हात आपसूक आपल्या खिशाकडे जातो. खिसेकापूला त्या पाटीसमोर उभं राहण्यापलीकडे काही कष्टच नकोत. कोणाचं काय कुठे आहे, याची माहिती लोक स्वतः देतात. तिकडे टेक्सासलाही तोच अनुभव. भाच्याच्या सहकाऱ्याच्या मते नवशिका पिस्तूलवाला शर्टाच्या उठावावरून ओळखू येत नाही; तो ओळखू येतो हातावरून. दर पाच मिनिटांनी कोपर कमरेला घासून बघतो, आहे ना जागेवर? ठेवलेली वस्तू कितीही आत असो, हात चुगली करतो.

आता या विषयावर मी एवढा विचार का केला, तर आमच्या सोसायटीतल्या शेठमुळे. शेठ बांधकामाच्या धंद्यात आहेत. मनाने अतिशय दिलदार. सोसायटीची पाण्याची टाकी गळाली तर पहिला प्लंबर त्यांचा येतो. त्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. आपल्याकडे ही गोष्ट सोपी नाही. 1959 चा शस्त्र कायदा, त्यावर 2016 चे नियम. कल्याण-डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, तेव्हा अर्ज तिकडे. जिवाला धोका का आहे ते पटवून द्यायचं, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला फार तर दोन बंदुका ठेवता येतात आणि लग्नाच्या वरातीत आनंदाने हवेत बार काढला तर तोही गुन्हा. या सगळ्यातून पार पडलेल्या शेठनी पेढे वाटले. पेढ्यांचं कारण कोणी विचारलं, की ते आवाज खाली आणून सांगत. इतका खाली, की वरच्या मजल्यापर्यंत जाई.

मी स्टेशनजवळच्या गल्लीत माझ्या पर्सच्या चेनचा रनर बदलून घ्यायला गेले होते, तेव्हा शेठ तिथे आले. चपला-बॅगा दुरुस्त करणारे मामा तिथे फार जुने. हातात आरी, समोर रापी, आणि कानाला रेडिओ. शेठनी पिशवीतून एक काळं, कडक प्लास्टिकचं होल्स्टर काढलं. ऑनलाइन मागवलेलं. “मामा, हे पोटात घुसतं हो.” घुसणारच. शेठचं पोट म्हणजे कर्तृत्ववान माणसाचं पोट. त्या अमेरिकी घड्याळातले अकरा ते एक हे तास त्यांच्याकडे कायमचे पोटाखाली गेलेले. चार वाजता ठेवावं, तर शेठचा अर्धा दिवस मोटारीत बसून जातो.

मामांनी ते प्लास्टिक उलटसुलट पाहिलं, वाकवून पाहिलं, आणि जरा तुच्छतेने बाजूला ठेवलं. “कातड्याचं करून देतो. आतून मऊ अस्तर लावतो. माप लागेल.” शेठनी इकडेतिकडे पाहिलं. त्या पाहण्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांनी इकडे पाहिलं. मग, रिकामं आहे, रिकामं आहे, असं दोनदा म्हणत शेठनी रिव्हॉल्व्हर पुढ्यात ठेवलं. मामांनी चपलेसाठी पावलाचं माप घेतात तसं पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आयुष्यभर लोकांचे पाय पाहिलेल्या माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नसावं.

मग मामांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. “शेठ, बाहेरून दिसायला पाहिजे का नको?”

शेठ विचारात पडले. “दिसू नये,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण कळावं.”

मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. “त्याचे पैसे वेगळे पडतील.”

माझी पर्स तयार झाली होती, पण मला तिथून हलवेना. टेक्सासची आणि कल्याणची सगळी तफावत शेठनी दोन शब्दांत मांडली होती. तिकडे उठाव दिसू नये म्हणून खटाटोप, इकडे उठाव दिसावा म्हणून. तिकडे माणूस एक माप मोठी पँट घेतो. आमचे शेठ शर्ट एक माप लहान घेतील. लपवायचं तर आहे, कारण उघडं मिरवणं बरं दिसत नाही आणि कायद्यालाही खपत नाही. पण कोणाला पत्ताच लागला नाही, तर एवढ्या खेपा घातल्या कशाला? आणि शेठना हसणारी मी कोण? लग्नाला जाताना पदराखाली झाकलेला नवा हार वाऱ्याने जरा दिसावा, अशी पंख्याखालची खुर्ची मीही निवडलेली आहे.

शिवाय ते रिव्हॉल्व्हर नेहमी शेठच्या कमरेला असतं असंही नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या शस्त्रांचा आढावा होतो आणि पुष्कळांना ती पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागतात. 2024 मध्ये तर लोकसभा झाली आणि लगोलग विधानसभा. वर्षातले कितीतरी दिवस शेठचं संरक्षण पोलीस ठाण्याच्या कपाटात होतं आणि शेठ बाहेर मोकळ्या कमरेने हिंडत होते. त्या काळात त्यांची तब्येत बरी दिसे, असं माझं निरीक्षण आहे. चालणं सरळ झालं होतं.

लपवण्याची खरी कला पाहायची, तर आपल्याला फार मागे जावं लागतं. कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी किल्ला आहे. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि इथेच पुढे आरमाराची जहाजं बांधायला घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 10 नोव्हेंबर 1659 ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. बखरींतून आपण सगळ्यांनी ऐकलं आहे: अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली जिरेटोप, अस्तनीत बिचवा आणि हातात वाघनखं. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा बघायला गर्दी लोटली. ती तीच का, याची खातरजमा झालेली नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. पण वस्तूची रचना डोळ्यांसमोर येते. बोटांत घालायची वळी, आणि नखं तळहाताच्या आत वळलेली. मूठ मिटली की बाहेर दिसतात त्या फक्त अंगठ्या. कमरेकडे हात न्यायचा प्रश्नच नाही, कारण शस्त्र हातातच आहे, आणि ते हातात असताना आलिंगनासाठी दोन्ही बाहू पसरता येतात. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, याहून नेमकं काही निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या सामान्य माणसाला एवढ्या मोठ्या प्रसंगाला तोंड द्यायचं नसतं. पण रोज जिना चढायचा असतो. कल्याण स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी एका बाजूने कसाऱ्याकडे जाणारी, दुसऱ्या बाजूने कर्जतकडे जाणारी आणि मधून घराकडे जाणारी गर्दी एकमेकींत मिसळते. त्या गर्दीत काही हात चुकून लागतात आणि काही हात चुकून लागत नाहीत. फरक बाईला लगेच कळतो. सिद्ध करता येत नाही, एवढंच. नोकरीला लागले तेव्हा आमच्या कचेरीतल्या थोरल्या बाईंनी मला हजेरीची वही कुठे असते ते दाखवलं, चहावाल्याचा हिशेब समजावला, आणि त्याच सुरात सांगितलं, “आणि हे बघ, जिन्यावर पिन हाताशी ठेवत जा.” पुढे काही विचारायची गरज पडली नाही.

कल्याणच्या बायकांचं परवान्याशिवायचं शस्त्र ते हेच, सेफ्टी पिन. साडीच्या निऱ्या एकत्र धरून कमरेला आतल्या बाजूने खोचल्या, की तिथे एक पिन. अमेरिकेतल्या त्या सहकाऱ्याला पाहिजे ती जागा तंतोतंत हीच. आतल्या बाजूला, बरोबर बारा वाजता. शिवाय खांद्यावर पदराला एक, मंगळसूत्राला दोन-तीन लोंबणाऱ्या, बांगडीत अडकवलेली एखादी. घाम येवो, वाका, बसा, धावा, रुतत नाही. उठाव शून्य. वजन जाणवत नाही. खरेदीही चालत्या गाडीत, लेडीज डब्यात टिकल्या, क्लिपा आणि कानातली विकणाऱ्या बाईकडून, झुपक्याने. चपलेचा अंगठा तुटला, ब्लाउजचा हूक गेला, बॅगेची चेन उसवली, पायात काटा गेला, शेजारणीच्या मुलीच्या फ्रॉकचा पट्टा निसटला, तरी तीच पिन. आणि जिन्यावर कोणी चुकून न लागणारा हात लावला, तरीही तीच. तिची मोठी खुबी अशी, की पिन लागलेला माणूस ओरडत नाही. ओरडला, तर कुठे असताना काय टोचलं, हे त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. तो निमूट पुढच्या पायऱ्या फार वेगाने चढतो.

सरकारलाही बायकांची काळजी असतेच. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर, आणि दागिन्यांची असते तशा पेटीत. मी ते वाचून माझी पर्स उघडून पाहिली. डबा, पाण्याची बाटली, छत्री, पास, चष्मा, निवडायला घेतलेल्या मेथीची पिशवी. अर्धा किलोची जागा करायची, तर मेथी बाहेर काढावी लागली असती, आणि मेथी संध्याकाळी लागणारच होती.

या पिनेचा शोध लावणारा माणूस मला अलीकडेच वाचनात भेटला. वॉल्टर हंट, न्यूयॉर्कचा. पंधरा डॉलरचं कर्ज फेडायचं होतं म्हणून हातात तार घेऊन बसला आणि वाकवता वाकवता ही पिन झाली. 10 एप्रिल 1849 ला त्याला तिचं पेटंट मिळालं आणि त्याने ते चारशे डॉलरला विकून टाकलं. इथवर ठीक. पण याच गृहस्थाने त्याच 1849 च्या ऑगस्टमध्ये एका बंदुकीचंही पेटंट घेतलं. एकामागोमाग एक गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीचं. त्या कल्पनेवर पुढे इतरांनी काम केलं, त्यात स्मिथ आणि वेसन होते, आणि त्यातूनच पुढे विंचेस्टर रायफलींचं घराणं निघालं. म्हणजे टेक्सासमधल्या त्या सहकाऱ्याच्या कमरेच्या वस्तूचं दूरचं गोत्र आणि माझ्या निऱ्यांची पिन, दोन्हींचा मूळपुरुष एक. एकाच डोक्यातून एकाच वर्षी निघालेल्या या दोन गोष्टींपैकी एकीसाठी जगभर कायदे करावे लागले, आणि दुसरी पहिल्यापासूनच टोक झाकून घेऊन आली.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असतानाच गणपती आले. सोसायटीच्या गणपतीची आरती. शेठ नव्या कोऱ्या रेशमी कुर्त्या-पायजम्यात, मामांनी शिवलेलं नवं होल्स्टर आत लावून. काम मामांनी सुरेख केलं होतं, पण त्यांनी माप घेतलं होतं पँटचं आणि पट्ट्याचं. पायजम्याला असते नाडी. ‘कळावं’ची सोय कुर्त्याने आपोआप केली होती, ‘दिसू नये’ची जबाबदारी एकट्या नाडीवर आली. पहिल्या आरतीच्या दुसऱ्या कडव्यापासून शेठचा उजवा हात कमरेला गेला तो गेलाच. सगळे टाळ्या वाजवत होते, शेठ डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते. मंत्रपुष्पांजलीला फुलं वाटली, ती त्यांनी डाव्या हातात घेतली. प्रसाद डाव्या हातात घेणार तेवढ्यात गुरुजींनी इतक्या रोखून पाहिलं, की शेठनी हात बदलला. पायजमा बोटभर खाली सरकला आणि हात पुन्हा जागेवर. पहिल्या मजल्यावरच्या पोराने विचारलं, “काका, पोटात दुखतंय का?”

शेठ खांबाआड माझ्याजवळ आले. त्या वेळी मात्र त्यांचा आवाज खरोखरीच खाली होता. “वहिनी, एखादी पिन आहे का?”

मी मंगळसूत्राची मोठी पिन काढून दिली. त्यांनी ती आतून कुठेशी लावली, एकदा हलून पाहिलं, आणि कमरेवरचा हात काढला. तेवढ्यात पोरांनी राहिलेल्या आरत्या सुरू केल्या होत्या. शेठ पुढे झाले आणि दोन्ही हातांनी अशा काही टाळ्या वाजवू लागले, की गुरुजींनी मागे वळून पाहिलं.

तेव्हापासून या विषयावर माझं मत पक्कं झालं आहे आणि भाच्यालाही मी तेच कळवलं आहे. पाकीट कातड्याचं असो की प्लास्टिकचं, एक वाजता लावा की चार वाजता. ते अंगावर असताना आरतीला दोन्ही हात मोकळे राहिले तर घ्यावं, नाहीतर खणात टाकावं. पैशाचा कसा असो, मोबाइलची पाऊच असो, यात्रेला नेण्याचा पट्टा असो की आणखी काही. भाच्याने हे त्याच्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याला कसोटी आवडली, फक्त आरती किती मिनिटं चालते, असं त्याने विचारलं आहे. मी कळवलं, की ते कोणत्या सोसायटीत उभे आहात त्यावर अवलंबून.

माझी पिन काही परत आली नाही. मी ती मागणारही नाही. दिलेली पिन परत मागायची आपल्यात पद्धत नाही. हंटला तिचे निदान चारशे डॉलर मिळाले होते. मला मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी शेठकडून आलेला किलोभर मोदकांचा डबा, आणि त्या डब्यासोबत शेठच्या बायकोने विचारलेला एक प्रश्न, की अशा मोठ्या पिना नेमक्या कोणत्या गाडीत मिळतात.